माशाचे उसने नाव

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात आयझॅक वॉल्टन हे नाव आले की आपल्याकडचे अध्यापक साधारणतः एक वाक्य उच्चारून पुढे सरकतात: 'द कम्प्लीट अँग्लर', १६५३, मासेमारीवरील संवादरूप गद्य. विद्यार्थी ते उतरवून घेतात. मासे पकडण्याविषयीच्या पुस्तकात वाचण्यासारखे काही असेल, असे दोघांनाही वाटत नाही. आम्हीही बरीच वर्षे त्यांतलेच होतो. पुढे केव्हातरी ध्यानात आले की या एका छंदाने साडेतीनशे वर्षे अखंड चाललेली गद्यपरंपरा निर्माण केली आहे. क्रिकेटलाही एवढे गद्य लाभले नसेल. त्या परंपरेने वाचकाला नदीकडे पाहायला शिकवले, हे तिचे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र तिने काय पाहायला शिकवले नाही, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर आमच्या समजुतीप्रमाणे डव्ह नदीकाठी सापडत नाही. ते कावेरीकाठी सापडते, आणि त्याची दोन टोके आपल्या पुणे जिल्ह्यात आहेत.

आधी थोडे तंत्राविषयी, कारण ते कळल्याशिवाय या गद्याची गोडी कळत नाही. वॉल्टन स्वतः मुख्यतः आमिष लावून मासे धरणारा. 'फ्लाय फिशिंग'चा विस्तृत भाग त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या आवृत्तीत जोडला. फ्लाय म्हणजे माशी. पिसे, लोकर, रेशमाचा धागा बारीक गळावर बांधून केलेला कीटकाचा आभास. (मासा आणि माशी यांना मराठीने शेजारी बसवले आहे, पण आपल्याकडे माशीने मासा धरण्याचा छंद रुजला नाही.) या माशीला वजन नसते, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकली जाते ती वजनदार दोरी, आणि तिच्या टोकाला माशी नुसती वाहत जाते. म्हणून काठीची लय साधावी लागते: मागे, क्षणभर थांबा, पुढे. पण खरी परीक्षा माशी पाण्यावर उतरल्यानंतर सुरू होते. नदीत एकच प्रवाह नसतो. काठीजवळचे पाणी वेगाने धावत असते, पलीकडचे मंद असते, आणि त्या फरकाने दोरीला बाक आला की माशी पाण्यावर ओढली जाते. खरा कीटक असा ओढला जात नाही, हे माशाला ठाऊक असते. तो तोंड फिरवतो. म्हणून दोरी अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावी लागते. शिवाय त्या घटकेला कोणता कीटक पाण्यातून वर येतो आहे, तो तरंगतो आहे की अजून पृष्ठभागाखाली आहे, हे ओळखून तशीच माशी निवडावी लागते. थोडक्यात, हा माणूस नदी वाचत असतो, आणि तिचे व्याकरण चुकले की त्याला शिक्षा होते.

ज्याला असे वाचन करावे लागते त्याच्या हातून चांगले गद्य उतरावे यात नवल नाही. नॉर्मन मॅक्लीन हे शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' लिहिले आणि १९७६ साली त्यांच्याच विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ते काढले. मोंटानातील बिग ब्लॅकफूट नदी, पाद्री बाप, दोन मुलगे, आणि ज्याला वाचवता आले नाही असा धाकटा भाऊ. त्या घरात माशीने मासा धरणे ही जवळजवळ उपासना आहे, आणि गांडूळ लावून गळ टाकणारा मनुष्य थट्टेचा विषय. ही उतरंड लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

१९९२ साली रॉबर्ट रेडफर्डने या पुस्तकावर चित्रपट काढला आणि मोंटानाच्या नद्यांवर काठ्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. साहित्यकृतीमुळे एखादे स्थळ तीर्थक्षेत्र होणे आपल्याला नवे नाही. येथील विरोध मात्र विलक्षण आहे. चित्रपटातील नदीची दृश्ये बहुतांशी गॅलॅटिन आणि इतर नद्यांवर टिपली गेली, कारण खुद्द ब्लॅकफूटची रया गेली होती. पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ साली, तिच्या उगमाजवळच्या माइक हॉर्स खाणीचा मळीचा बांध फुटून विषारी गाळ पात्रात आला होता. ज्या नदीला गद्याने अमर केले ती स्वतःच्या चित्रपटात उभी राहू शकली नाही. तिच्यासाठी पुढे पुष्कळ काम झाले, त्यात मासेमारी करणारेच आघाडीवर होते, हेही खरे.

याच मोंटानाने १९७४ साली आणखी एक निर्णय घेतला होता, ज्याचा उल्लेख साहित्याच्या अभ्यासक्रमात येण्याचे कारण नाही, पण यायला हवा. मॅडिसन नदीवरील अभ्यासातून असे दिसले की केंद्रात वाढवलेले ट्राउट पात्रात सोडल्याने नदीत जन्मलेले ट्राउट वाढत नाहीत, उलट घटतात. तेव्हा जेथे मासा नदीतच विणतो तेथे बाहेरून मासे सोडणे राज्याने बंद केले. आरंभी गळवाल्यांनी ओरड केली. नंतर त्यांनाच हा निर्णय भूषणावह वाटू लागला. आता यातही एक मेख आहेच. मॅडिसनमधील ज्या ब्राउन आणि रेनबो ट्राउटना 'नदीचे मासे' म्हणून राखले गेले, ते दोन्ही मूळचे तेथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात माणसांनीच ते आणून सोडले. तेथला मूळ कटथ्रोट बिचारा बाजूला पडला.

इंग्रज आपल्याकडे आले ते काठ्याही घेऊन आले आणि मासेही. काश्मीरच्या ओढ्यांत १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेले ट्राउट रुजले, निलगिरीतही रुजले, आणि आज काश्मीर वा हिमाचलातील तीर्थन खोरे फ्लाय फिशिंगची ठिकाणे म्हणून जाहिरातींत झळकतात ती या परक्या माशाच्या जोरावर. परंतु ज्या देशी माशाने साहेबाला वेड लावले तो महाशीर. मद्रास इलाख्यातील अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिले ते मोठ्या अंशी याच माशाच्या नादाने. कॉर्बेटने नरभक्षक वाघांच्या पुस्तकात एक प्रकरण महाशीरला दिले. महाशीरांत सर्वांत मोठा होतो तो कावेरी खोऱ्यातला, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. म्हैसूरच्या जे. डिवेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत धरलेला मासा १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता.

कावेरीवर भीमेश्वरी, गलीबोरे, दोड्डमकळी येथे मासेमारीच्या छावण्या चालत. जगभरातून हौशी लोक येत. तेथे मुख्य आमिष माशी नव्हे, नाचणीचा शिजवलेला गोळा. मॅक्लीनच्या घरात या मंडळींना पंगतीला बसू दिले नसते. पण नियम कडक होता: मासा धरायचा, मोजायचा, सोडायचा. पूर्वी चोरून मासे मारणारे काही गावकरी तेथे वाटाडे झाले आणि सुरुंगाने मासे मारणाऱ्यांवर नदीकाठी नजर राहू लागली. आणि गलीबोरेला एक नोंदवही होती. कोण आले, किती तास गळ टाकून बसले, किती मासे लागले, वजन किती, मासा कोणत्या रूपाचा. साहित्याच्या दृष्टीने शून्य किमतीचा मजकूर. वॉल्टनपासून चालत आलेल्या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ आमच्या मते हाच आहे.

आता ती पुणे जिल्ह्यातील दोन टोके. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची सर्व प्रकारची मोजदाद करीत हिंडत होता. त्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अनेक माशांना येथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला तो 'खुद्री'. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला तो 'मुसुल्ला'. कोळ्याच्या तोंडचा शब्द लॅटिन प्रत्ययांच्या पंक्तीला जाऊन बसला, याचा मराठी मनुष्य म्हणून आम्हांला थोडा आनंद होतो. पण पुढे झाले असे की कावेरीतल्या त्या प्रचंड माशाला शास्त्राने स्वतःचे नाव दिलेच नव्हते. तेव्हा अनेकांनी त्याला घोड नदीचे 'मुसुल्ला' हेच नाव लावून टाकले. मुसुल्ला हा महाशीरच नव्हे, वेगळ्याच कुळीचा मासा आहे, हे स्पष्ट व्हायला या शतकाचे दुसरे दशक उजाडले. तोवर कावेरीचा राजा शिरूरच्या एका माशाचे नाव उसने घेऊन पोहत होता.

दुसरे टोक लोणावळ्याला. वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी होऊ लागले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांचे ते काम खरोखर मोठे होते. धरणांनी वाटा अडवलेल्या, झपाट्याने कमी होत चाललेल्या माशाची बोटुकली हजारोंनी तयार होऊ लागली. ती देशभर वाटली गेली. कावेरीतही गेली. हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. महाशीर कमी होत होते, महाशीर सोडले. 'महाशीर' या एका शब्दात किती मासे राहतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही, इतकेच.

गलीबोरेच्या नोंदवहीतील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी पुढे एड्रियन पिंडर, राजीव राघवन आदी संशोधकांनी वाचल्या. सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी. वरवर पाहता चित्र उत्साहवर्धक होते: तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. छावणीवाल्यांचे म्हणणेही तेच होते, की आमच्या पहाऱ्यामुळे मासे वाढले. ते खोटे नव्हते. पण तोच मजकूर रूपानुसार वेगळा करून वाचला तेव्हा दिसले की वाढले ते खुद्री, निळसर परांचे. उंचवट्याचा नारिंगी मासा कमी कमी होत गेला होता, आणि जे मिळत ते मोठे, वयस्क मिळत. लहान मासे येत नव्हते. म्हणजे म्हातारे उरले होते आणि घरात पाळणा हलत नव्हता. धरणे, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे. सगळा दोष खुद्रीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण पंधरा वर्षे नदीचे इतके बारीक वाचन करणाऱ्या लोकांसमोर एक मासा जात होता आणि त्यांना दिसत होती ती फक्त बेरीज.

२०१८ साली त्या माशाची ओळख शास्त्रीय रीतीने निश्चित झाली. केरळातील पांबार नदीतील नमुन्यांवरून आधीच वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' ही जाती तीच. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या नावावरून ते नाव. त्याच वर्षी आययूसीएनच्या यादीत तो मासा अतिसंकटग्रस्त म्हणून आला. त्याआधी येणे शक्य नव्हते. ज्याला नाव नाही त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? उलट खुद्रीला त्या यादीत संकटग्रस्त म्हणून जागा होती, आणि त्याच पुण्याईवर तो इतरांच्या नद्यांत सोडला जात होता. पुढच्या फेरमूल्यांकनात तो काळजी नसलेल्या गटात गेला. नामकरण ही शब्दांशी खेळणाऱ्यांची चैन आहे असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. तसे म्हणणाऱ्याला ही हकिकत ऐकवावी.

छावण्यांतील मासेमारी २०१२ पर्यंत थांबली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात प्राणी धरणे ही शिकारच, मग तो सोडून दिला तरी. कायद्याचा शब्द पाहता हे बरोबर आहे. वर्षभर परदेशी पाहुण्यांनी एका दुर्मिळ जिवाच्या ओठात गळ अडकवावा आणि त्याला संवर्धन म्हणावे, हे ऐकायलाही विचित्र वाटते. आमचाही कल प्रथम बंदीकडेच होता. त्या नोंदवहीची गोष्ट कळल्यावर तो बदलला. बंदीने गळ थांबला, त्याबरोबर वहीही मिटली. सुरुंगवाल्याला वही लागत नाही. जेथे हा मासा अजून आहे, मुख्यतः मोयार नदीत, तेथे मोजकी, वनखात्याच्या देखरेखीखालची, मासा सोडून देण्याच्या अटीची मासेमारी चालू द्यावी आणि प्रत्येक मासा जातीनिशी नोंदवावा, असे आमचे मत आहे. माशीने धरला की गोळ्याने, याला महत्त्व नाही.

याला उत्तर म्हणून आपल्याकडच्या कोंडीचे उदाहरण दिले जाते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. तेही महाशीर. कोणी गळ टाकत नाही, लोक कुरमुरे टाकतात, आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. श्रद्धेने जे राखले ते काठी आणि वही घेऊन आलेल्यांना जमले नाही, असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. फक्त एवढेच, की देवीची कोंड शे-दोनशे पावलांची असते आणि कावेरी आठशे किलोमीटर वाहते.

तोवर निदान एक गोष्ट कोणत्याही परवान्यावाचून करता येईल. नद्यांत महाशीर सोडण्याचे समारंभ देशभर होत असतात, त्यांत मंत्री असतात, छायाचित्रे असतात. पुढच्या खेपेस बादली पाण्यात उपडी करण्यापूर्वी कोणीतरी विचारावे की आत कोणता मासा आहे, आणि या नदीचा कोणता.