खोक्याची खाच आणि कामगाराची बोटे

१८७९ साली अमेरिकेत रॉबर्ट गेअर यांच्या कागदी पिशव्यांच्या कारखान्यात घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. कापणे व घडी पाडणे एकाच दाबात साधता येते, हे त्या चुकीतून उमगले आणि घडीच्या खोक्यांचा धंदा उभा राहिला. यंत्राची चूक मालकाच्या पथ्यावर पडू शकते. कामगाराला मात्र तिची किंमत बोटांनी चुकवावी लागते.

पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याची झाकणे दुमडावीत म्हणून त्याला खाचा पाडाव्या लागतात. लहान कारखान्यांतील स्लॉटर यंत्राचे पाते वरखाली होत राहते आणि कामगार त्याखाली हाताने पुठ्ठा सरकवतो. पात्यापुढे जाळी बसविणे अवघड नाही. परंतु मजुरी नगावर असली की जाळीने हात मंदावतो, म्हणून ती काढली जाते. आणि बोट गेले की दोष कामगाराच्या ‘निष्काळजीपणा’चा!

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याची सक्ती केली. विजेवर चालणारी १० कामगारांची जागाही त्या कायद्याने कारखाना मानली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार-सुरक्षेच्या संहितेने हा आकडा २० वर नेला. मग १५ कामगारांच्या शेडमधील पाते बोथट झाले काय?

धोका पात्याच्या धारेत असतो, हजेरीपटावरील आकड्यात नव्हे. म्हणून जाळीविना एकही स्लॉटर चालता कामा नये, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.