आरंभीची शिल्लक

शाखांची तपासणी करीत असताना वही हाती आली की मी प्रथम आरंभीची शिल्लक पाहत असे. पुढील बेरीज कितीही बिनचूक असो, ती रक्कम आली कोठून हे कळल्यावाचून पान उलटीत नसे. विश्वाच्या एका हिशेबाविषयी वाचताना ती जुनी सवय पुन्हा जागी झाली.

2014 मध्ये ‘इलस्ट्रिस’ हे विश्वाचे संगणकीय प्रतिरूप प्रसिद्ध झाले. सुमारे 35 कोटी प्रकाशवर्षे बाजू असलेला अवकाशाचा घन त्यात 1200 कोटींहून अधिक घटकांत मांडला होता. गुरुत्वाकर्षणाचे व वायूंचे नियम लावून काळ पुढे नेला, तशा त्यात दीर्घिका आकारास आल्या. मात्र मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात कृष्णविवर नसेल, तर वायू निवत जातो आणि प्रत्यक्षाहून फार अधिक तारे जन्मतात. वायू गिळताना कृष्णविवर जी ऊर्जा बाहेर टाकते, ती या उधळपट्टीस आवर घालते.

पण हे कृष्णविवर आले कोठून? द्रव्याचा संचय सुमारे 7 हजार कोटी सूर्यांएवढा झाला की संगणक मध्यभागी 1 लाख 40 हजार सूर्यांच्या वस्तुमानाचे ‘बीज’ ठेवून देतो. नोंद आहे, पावती नाही! शास्त्रज्ञ हे लपवीत नाहीत. वायूची लहानात लहान नोंदच जेथे साडेबारा लाख सूर्यांची, तेथे एका ताऱ्याचा मृत्यू दिसावा कसा?

2023 मध्ये यूएचझेड-1 या दीर्घिकेत किमान 1 कोटी सूर्यांएवढे कृष्णविवर असल्याचे जाहीर झाले. तेव्हा विश्वाचे वय होते अवघे 47 कोटी वर्षे. आता चक्रवाढ व्याज लावून पाहू. आत पडणारा वायू तापून प्रकाशतो, तो प्रकाशच मागून येणाऱ्या वायूला लोटतो. म्हणून वाढीला मर्यादा आहे. त्या मर्यादेत वस्तुमान दुप्पट होण्यास सुमारे 3 कोटी वर्षे लागतात. मृत ताऱ्यापासून उरलेले भांडवल 100 सूर्यांचे धरले, तर 1 कोटीपर्यंत सुमारे 17 वेळा दुप्पट व्हावे लागते. म्हणजे 51 कोटी वर्षे. मुदत संपली, रक्कम भरली नाही.

तेव्हा भांडवलच मोठे असावे, प्रचंड वायुमेघ तारा न होता थेट कोसळला असावा, असे एक मत आहे. प्रियंवदा नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दीर्घिकांची लक्षणे 2017 मध्येच वर्तविली होती. दुसरा पक्ष म्हणतो, भांडवल लहानच होते, पण काही काळ व्याजदर मर्यादेबाहेर गेला. बँकेत असतो तर हे उत्तर मी परत पाठविले असते. येथे मात्र ते फेटाळण्याजोगा पुरावा अद्याप कोणाकडे नाही.