एकाच पातेल्यातून सर्वांसाठी : मलईदार, तिखट स्टेक पास्ता

रविवारी सायंकाळी घरातील तरुण मंडळी स्वयंपाकघराचा ताबा घेतात आणि पास्ता शिजू लागतो. लसणाचा, लोण्याचा, परतलेल्या मांसाचा वास घरभर दरवळतो. त्याच वेळी आजी-आजोबांसाठी मात्र कुकरमध्ये मऊ भात लावलेला असतो. ‘बाबा, तुम्हांला हे झेपायचं नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीच्या मनात काळजीच असते. परंतु हेच आठवड्यामागून आठवडे घडत राहिले, की वृद्ध माणूस पंगतीतून बाजूला पडतो. एकट्याने बेचव जेवणारा माणूस कमी जेवतो, आणि कमी जेवणाऱ्या वृद्धाचे स्नायू व वजन दोन्ही झपाट्याने उतरतात.

मलईदार, तिखट स्टेक पास्ता वृद्धांनी खावा काय? बहुतेकांनी अवश्य खावा, असेच माझे उत्तर आहे. मात्र या पदार्थात एक धोका दडलेला आहे. तो मलईत किंवा तिखटात नसून मांसाच्या तुकड्याच्या आकारात आहे. म्हणून या लेखात कृती आणि दक्षता या दोहोंचा एकत्र विचार करू.

पदार्थ कोठला?

पास्ता मूळचा इटलीचा. परंतु दाट क्रीम, लाल मिरची आणि वर स्टेकचे काप हा थाट प्रामुख्याने अमेरिकी घरगुती स्वयंपाकातला आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहावयास गेलेल्या आपल्या वाचकांच्या ताटात तो तेथे येतोच. स्टेक म्हणजे गोमांसाचा जाड काप. महाराष्ट्रात गाईंबरोबरच २०१५ पासून वळू व बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, आणि अनेक घरांत हे मांस मुळातच वर्ज्य असते. अशा घरांत कोंबडीचे हाडाविरहित मांस, मटणाचा खिमा किंवा पनीर वापरून हाच पदार्थ करता येतो. पुढील बहुतेक सूचना त्यालाही लागू पडतात.

वृद्धांना यातून काय मिळते?

वाढत्या वयात स्नायू झिजू लागतात. या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, जिना नकोसा वाटणे, वारंवार तोल जाणे ही तिची घरगुती लक्षणे होत. ती रोखण्यासाठी निरोगी वृद्धाने दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. चहा-बिस्किटे, मऊ भात आणि पातळ वरण यांवर हा आकडा गाठणे कठीण असते. १०० ग्रॅम कच्च्या, चरबीविरहित मांसातून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ७५ ग्रॅम कोरड्या पास्त्यातून आणखी सुमारे ९ ग्रॅम मिळतात. एका जेवणातून इतके मिळणे ही मोठीच जमेची बाजू आहे.

दुसरा लाभ चवीचा. वयोमानानुसार वासाची व चवीची जाण मंदावते. काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. अशा वेळी लसूण, मिरे, लाल मिरची व लिंबू हे पदार्थ जेवणात पुन्हा रंगत आणतात, आणि तीही जादा मिठाविना.

मधुमेही वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. पास्त्याची बांधणी घट्ट असल्याने त्यातील पिष्ट पावाच्या तुलनेने सावकाश पचते. मात्र तो गिचका होईपर्यंत शिजवला की हा लाभ घटतो. कोरडा पास्ता ५० ते ६० ग्रॅम एवढाच घ्यावा आणि ताटाचा उरलेला भाग भाज्यांनी व प्रथिनांनी भरावा.

धोका घासाचा

अमेरिकेत उपाहारगृहात जेवता जेवता माणसे अकस्मात कोसळत आणि हृदयविकाराचा झटका आला असे समजले जाई. शवविच्छेदनात मात्र घशात मांसाचा मोठा तुकडा सापडे. १९६३ साली या प्रकारास वैद्यकीय नियतकालिकात ‘कॅफे कॉरोनरी’ असे नाव मिळाले. कवळी वापरणे आणि मद्यपान या दोन गोष्टी अशा घटनांत वारंवार आढळल्या. याचेच दुसरे रूप म्हणजे मांसाचा घास श्वासनलिकेत न जाता अन्ननलिकेत अडकणे. त्याला डॉक्टर मंडळी ‘स्टेकहाउस सिंड्रोम’ म्हणतात. नावावरूनच कोणता पदार्थ अडकतो ते ध्यानी यावे.

कारण सोपे आहे. स्टेकचे तंतू लांब आणि चिवट असतात. कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांपेक्षा पुष्कळच कमी असतो. तोंडाला कोरड पडलेली असेल, तर घास ओला होत नाही. टाळू कवळीने झाकलेली असल्याने घास पुरेसा चावला गेला की नाही, हेही नीट उमगत नाही. मग अर्धवट चावलेला घास गिळला जातो.

कृती (चार जणांसाठी)

साहित्य : पेने किंवा तत्सम आखूड आकाराचा पास्ता ३०० ग्रॅम, सरलॉइन स्टेक ४०० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, लोणी १ मोठा चमचा, बारीक चिरलेला कांदा १, लसणाच्या पाकळ्या ५, ढोबळी मिरची १, अळंबी १५० ग्रॅम, क्रीम १०० मिलि, दूध २०० मिलि, किसलेले पार्मेझान चीज ३० ग्रॅम, कुटलेली लाल मिरची १ लहान चमचा, मिरेपूड व लिंबू.

मांस अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढावे व कागदाने टिपून कोरडे करावे. पृष्ठभाग ओला असल्यास उष्णता पाणी आटवण्यातच खर्च होते आणि खमंग तांबूस रंग येत नाही. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा चांगला तापवून तेल सोडावे. अडीच सेंटिमीटर जाडीचा काप दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटे भाजावा आणि झाकून पाच मिनिटे तसाच ठेवावा. मधला भाग लालसर ठेवण्याची तरुणांची आवड असली, तरी वृद्धांसाठी मांस पूर्ण शिजलेलेच असावे. उष्णतामापक असल्यास अखंड कापासाठी किमान ६३ अंश सेल्सिअस, खिम्यासाठी ७१ अंश व कोंबडीसाठी ७४ अंश हे आकडे ध्यानात ठेवावेत.

दुसरीकडे पास्ता उकळत्या पाण्यात शिजवावा. त्याचे वाटीभर पाणी राखून ठेवावे. त्यातील पिष्टामुळे रस्सा एकजीव होतो. मांसाच्याच तव्यात लोणी घालून कांदा, लसूण, अळंबी व ढोबळी मिरची मऊ होईतो परतावी. लाल मिरची व मिरेपूड घालून आच मंद करावी आणि मगच दूध व क्रीम ओतावे. मोठ्या आचेवर क्रीम फाटण्याची भीती असते. चीज विरघळले की पास्ता घालावा व राखून ठेवलेल्या पाण्याने रस्सा हवा तितका सैल करावा. लिंबू सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर पिळावे.

वृद्धांचे ताट : फरक केवळ मांसात

रस्सा व पास्ता सर्वांचा एकच. मांसाचे मात्र तीन प्रकार करता येतात.

पहिला, दात धड असलेल्यांसाठी. मांसाचे तंतू कोणत्या दिशेने धावतात ते पाहावे व त्यांना आडवे, पातळ काप काढावेत. तंतू आखूड झाले की तोच तुकडा चावण्यास सोपा होतो. त्यानंतर दीड सेंटिमीटरहून लहान तुकडे करावेत. ताटात सुरी देऊन ‘हवे तसे कापा’ असे सांगू नये. कापण्याचे काम स्वयंपाकघरातच उरकावे.

दुसरा, कवळी असणाऱ्यांसाठी. सरलॉइन अधिक वेळ शिजवला तरी तो मऊ न होता वातड होतो. त्याऐवजी खांद्याकडचे मांस निवडावे. त्यात कोलॅजेन अधिक असते आणि मंद आचेवर अडीच तास, किंवा प्रेशर कुकरमध्ये त्याहून कमी वेळात, ते विरघळून मांस काट्याने सुटे होते. हे आदल्या दिवशी करून ठेवता येते.

तिसरा, चावणे फारच कठीण असलेल्यांसाठी. खिमा रस्स्यातच नीट शिजवावा आणि पास्ता नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटे अधिक शिजवून बारीक करावा. घास रस्स्याने माखलेला असावा. कोरडा, सुटा खिमा घशात विखुरतो आणि ठसका आणतो.

पक्षाघात झालेल्या किंवा कंपवात असलेल्या व्यक्तीस जेवताना खोकला येत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होत असेल, वारंवार छातीत कफ होऊन ताप येत असेल, तर गिळण्याच्या क्रियेची तपासणी होईपर्यंत हा पदार्थ देऊ नये. तपासणीनंतर अन्न किती मऊ व किती दाट असावे, हे तज्ज्ञ ठरवून देतात.

मीठ, मलई, तिखट

जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहूनही कमी मीठ असावे. चीजमध्ये मीठ असतेच. म्हणून पास्त्याच्या पाण्यात मुठीने मीठ टाकण्याची रीत उच्च रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांच्या घरी सोडून द्यावी आणि रस्स्यात वेगळे मीठ घालू नये. मसाल्यांची तयार पुडी वापरणार असाल, तर तिच्यावरील सोडियमचा आकडा वाचावा.

अमेरिकेत मिळणाऱ्या घट्ट क्रीममध्ये दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ३६ ग्रॅम स्निग्धांश असतो. आपल्याकडील फ्रेश क्रीममध्ये तो सुमारे २५ टक्के असतो. म्हणूनच वरील कृतीत अर्ध्याहून अधिक भाग दुधाचा ठेवला आहे. परंतु वजन सतत घटत असलेल्या कृश वृद्धाच्या ताटात मलई अपथ्य मानू नये. थोड्याशा अन्नातून अधिक उष्मांक मिळणे ही त्याची गरज असते.

तिखट अंदाजाने घालावे. स्निग्ध पदार्थ जठरात अधिक काळ रेंगाळतात, आणि तिखटाची त्यात भर पडली की छातीत जळजळ होऊ शकते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी निजण्याच्या तीन तास आधी जेवावे आणि जेवून लगेच आडवे होऊ नये. कुटलेली मिरची रस्स्यात निम्मीच घालून उरलेली वाटीत मांडली, की प्रत्येकास आपापल्या सोसण्याप्रमाणे घेता येते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. युरिक आम्ल वाढून सांधे सुजणाऱ्यांनी लाल मांस टाळून पनीर घ्यावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पास्त्यात एकाएकी भरपूर पालक घालू नये. उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा व दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खावा.

घास अडकल्यास

जेवताना व्यक्ती खोकत असेल, तर तिला खोकू द्यावे. तोच सर्वोत्तम उपाय होय. बोलता येत नाही, खोकला फुटत नाही, हात गळ्याकडे जातो, ओठ निळसर होतात, अशी लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब लावू नये. व्यक्तीस पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. अडथळा न सुटल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर व छातीच्या हाडाखाली मूठ ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली मांडली. घास सुटेपर्यंत थापा व झटके आळीपाळीने चालू ठेवावेत. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर, अमेरिकेत ९११ वर, दूरध्वनी करावा. व्यक्ती बेशुद्ध पडल्यास तिला जमिनीवर उताणे निजवून छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. पोटावर झटके दिले असतील, तर घास निघाल्यावरही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

श्वास व बोलणे ठीक आहे, परंतु छातीत काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि लाळही गिळवत नाही, असे असेल तर घास अन्ननलिकेत अडकला आहे असे समजावे. अशा वेळी केळे किंवा भाताचा गोळा गिळवून तो खाली ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये. थेट रुग्णालय गाठावे. दुर्बिणीद्वारे घास काढता येतो, आणि असे पुन्हा पुन्हा घडत असल्यास अन्ननलिका अरुंद झाली आहे काय, हेही त्याच वेळी पाहता येते.

जेवताना ताठ बसणे, लहान घास घेणे, तोंडात घास असताना न बोलणे आणि दूरचित्रवाणी बंद ठेवणे, एवढी पथ्ये पाळली तरी बराचसा धोका टळतो. शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, स्वयंपाकाच्या अखेरीस पाच मिनिटे अधिक द्यावीत. तुकडे बारीक करावेत, मीठ हात राखून घालावे आणि आई-बाबांचे ताट सर्वांच्या ताटांशेजारीच मांडावे.