सकाळचा पहिला तास

आमच्या नगरकडे कुणी वाटेत भेटले, की पहिला प्रश्न तब्येतीचा असतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. ‘बरं आहे.’ विचारणारा पुढे जातो, सांगणाराही सुटतो. गेली चौदा वर्षे मी हे उत्तर देत आले आहे. त्यातली पहिली दीड-दोन वर्षे ते धादांत खोटे होते.

त्रेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी माझी मूठ वळेना. बोटे सुजलेली, जणू रात्रभर कुणी ती दोऱ्याने आवळून ठेवली होती. नळाची तोटी फिरवता येईना, डब्याचे झाकण निघेना, ब्लाउजचा हुक लागेना. मंगळसूत्राचा फासा घालायला मुलीला हाक मारावी लागली. दहा वाजेपर्यंत मात्र हात मोकळे झाले आणि शाळेत मी नेहमीसारखा फळाभर मजकूर लिहिला. संध्याकाळी घरी सकाळची हकीकत सांगितली, तर आमचे ‘हे’ सहज म्हणाले, “अगं, झोपेत हात अंगाखाली आला असेल.” त्यांचे तरी काय चुकले? सकाळी लुळा पडलेला हात दुपारी चांगला चालतो, हे स्वतः भोगल्याशिवाय कुणाला खरे वाटावे? पुढे कळले, की या दुखण्याची ओळखच ती आहे. सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त सांधे आखडणे, दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे एकाच वेळी सुजणे, आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटणे. म्हणजे ज्या कारणाने घरचे विश्वास ठेवत नाहीत, त्याच कारणाने डॉक्टर रोग ओळखतात.

मला खरे तर हे आधीच ओळखता यायला हवे होते. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आईचे हात मी लहानपणापासून पाहिले होते. ती चाळिशीत होती तेव्हाच तिची बोटे करंगळीच्या बाजूला वळू लागली. खुरपे धरवेना, तरी ती खुरपणीला जायची. “वय झालं की व्हायचंच,” असे आजी म्हणायची, आणि आजीचे स्वतःचे हात सत्तरीतही धडधाकट होते, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. आई सोसायची. सोसणाऱ्या बाईचे आपल्याकडे कौतुक होते. तिच्याही वाट्याला ते भरपूर आले.

मग कुणीतरी सांगितले म्हणून तिने पुड्या सुरू केल्या. आठवडे बाजाराला येणारा एक माणूस पांढरी पूड द्यायचा, जडीबुटीची म्हणून. तीन दिवसांत आई पायरीवरून भराभरा उतरली. घरात दिवाळीच झाली. पुढच्या वर्षभरात तिचा चेहरा भरून आला, गाल गोल झाले. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, “तब्येत छान सुधारली हो तुमची!” ते सुधारणे नव्हते, ती सूज होती. पुडीत स्टेरॉइड होते, हे आम्हाला फार उशिरा समजले. हाडे आतून ठिसूळ झाली होती. न्हाणीघरात नुसता पाय सरकल्याचे निमित्त झाले आणि खुब्याजवळचे हाड मोडले. त्यानंतर ती चालली नाही.

स्टेरॉइड या औषधाला मी शिव्या देणार नाही. त्याची कथा मोठी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. जगाला वाटले, संधिवात संपला. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली होती. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे विरतात, आणि बराच काळ घेऊन एकदम बंद केले तर जीवावर बेतते. जाणत्या डॉक्टरच्या हातात, मोजून आणि थोड्या काळासाठी ते आजही मोलाचे आहे. बिननावाच्या पुडीत मात्र किती आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. तीन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीची मला भीती वाटते, ती या कारणाने.

आपण सरसकट ज्याला संधिवात किंवा नुसता ‘वात’ म्हणतो, ते एक दुखणे नाही. (वात हा शब्दही आपण किती सहज वापरतो! कुणी फार छळले की ‘वात आणला’ म्हणतो.) गुडघ्याच्या कुर्चेची झीज होते तो प्रकार निराळा. तो वयाबरोबर, वजनाबरोबर आणि उकिडवे बसून केलेल्या कष्टांबरोबर येतो. त्यात सकाळचे आखडणे असते, पण ते पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटते, आणि दिवसभर चालून-उभे राहून संध्याकाळी दुखणे वाढते. माझा प्रकार र्‍हुमॅटॉइडचा. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. तो विशी-तिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पटींनी अधिक होतो. आपल्या जुन्या वैद्यांनाही हा भेद दिसला होता. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे.

हे दुखणे किती जणांना असते, याचा शोध आपल्या शेजारीच घेतला गेला, हे फार थोड्यांना माहीत आहे. कर्जत तालुक्यातून भीमा ओलांडली, की पलीकडे पुणे जिल्ह्यातले भिगवण लागते. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला आपण जातो, तेच. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाखाली, भिगवणमध्ये घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरात अठरा जणांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा हाडांचे दुखणे निघाले. त्यातल्या पुष्कळांचे दुखणे कष्टाचे, अंग मोडून आल्याचे होते. झिजेचे रुग्ण त्याखालोखाल. आणि र्‍हुमॅटॉइडचे प्रमाण निघाले दोनशे प्रौढांत साधारण एक. दोनशेत एक म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या पंचेचाळीस लाखांवर होती. त्यात तीस लाख प्रौढ धरले आणि भिगवणचाच हिशेब लावला, तर एकट्या आपल्या जिल्ह्यात पंधरा हजार माणसे होतात. ती कुठे आहेत? कांद्याच्या वाफ्यात आहेत, पाथर्डीच्या ऊसतोडणीच्या टोळ्यांत आहेत, स्वयंपाकघरात आहेत, आणि विचारले तर म्हणतात, बरं आहे.

माझे निदान झाले तेव्हा दोन वर्षे निघून गेली होती. दोन बोटे त्या काळात कायमची वाकली, ती काही सरळ झाली नाहीत. या रोगात पहिले काही महिने सोन्याचे असतात. त्याच काळात औषध सुरू झाले तर सांधे वाचतात, वाकडे झाल्यावर औषध फक्त पुढची पडझड थांबवते. मला मेथोट्रेक्झेट दिले. घरी येऊन आतला कागद वाचला तर त्यावर कॅन्सरचा उल्लेख! चार दिवस डबी उघडली नाही. मग समजले, की त्या रोगात ते कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांसाठी मात्रा लहान, आणि आठवड्यातून एकदाच. हे ‘एकदाच’ मी इथे मुद्दाम पुन्हा लिहिते. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी उतरतात, माणसे दगावतातही. मी रविवार ठरवून घेतला. सकाळी पुरवणी वाचायची आणि जेवण झाले की गोळ्या घ्यायच्या. कॅलेंडरवर फुली मारायचे काम नातवाकडे आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे, यकृत ठीक आहे ना ते पाहायचे. मूल हवे असणाऱ्या मुलींनी तर हे औषध घेण्याआधीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. अनेक घरांत ते बोलणे सासूच्या देखत होत नाही.

औषधाने दुखणे पुष्कळ आवरले, पण गेले नाही. उरलेले रोज सांभाळायचे असते, आणि ते दवाखान्यात नव्हे, घरातच. मला सर्वांत जड गेले ते भाकरी सोडणे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते तळहाताच्या मुळाने रगड रगड रगडावे लागते, आणि नेमके तिथेच माझे मनगट सुजलेले. थापताना तर कळा डोक्यात जायच्या. आमच्याकडे भाकरी न येणारी बाई म्हणजे बाईच नव्हे! भाकरी लाटते, हे मी वर्षभर कुणाला कळू दिले नाही. उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढायची, ती निवली की मळायची, आणि पोळपाटावर लाटायची. मळण्याचे काम आता ‘हे’ करतात. पहिल्या दिवशी परातीभोवती सगळीकडे पीठ होते. मी हसले, तेही हसले, आणि मग मला रडू आले. बरेच दिवसांचे साचलेले होते.

बाकीच्या युक्त्या अगदी साध्या. उलथन्याच्या दांड्याला जाड चिंधी गुंडाळली की पकड सुटत नाही. नळाला लांब दांडीच्या तोट्या बसवल्या. उशाशी गरम पाण्याचा थर्मास आणि एक पसरट भांडे असते. अंथरुणातच हात दहा मिनिटे शेकते, अंगठा एकेका बोटाला लावते, आणि मग दिवस सुरू करते. निरगुडीचा पालाही मी शेकाला वापरते. त्याने बरे वाटते, पण म्हणून गोळी चुकवत नाही. गुडघे झिजलेल्या माझ्या जावेने घरात भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची आणली, तेव्हा पाहुण्यांसमोर तिला इतका संकोच वाटायचा, की ती खुर्ची लपवून ठेवायची. आता पाहुण्याच ती कुठे मिळते म्हणून विचारतात. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून दहा आकडे मोजायचे, हा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम तिला कुठल्याही तेलापेक्षा जास्त लागू पडला.

ढग आले की सांधे आधी सांगतात, हे थट्टेचे बोलणे नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दमट हवा आणि हवेचा उतरलेला दाब यांचा दुखण्याशी थोडासा संबंध आढळला. थोडासाच. आमच्या अवर्षणग्रस्त मुलखात माझे गुडघे पावसाचा अंदाज सांगतात आणि तो हवामान खात्याइतकाच चुकतो.

घराबाहेर मात्र युक्त्या संपतात. एसटीने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आणि २०२३ पासून बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास दिला. चांगले झाले. पण बस कुठलीही असो, तिची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीला असते आणि तिथे सवलत नाही. शिवाय या रोगाचे तज्ज्ञ भेटायचे म्हटले, की आमच्याकडचा रुग्ण बहुधा पुण्याची वाट धरतो. एका खेपेला अख्खा दिवस आणि मजुरी जाते. म्हणून तो बाजारातल्या पुडीकडे वळला, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे बदलता येणार नाही असे नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि खेड्यातल्या साध्या, पुष्कळदा निरक्षर बायकांच्या हातात गावाचे आरोग्य दिले. बाळंतपणे त्यांनी सांभाळली, कुष्ठरोगाचा चट्टा त्यांनी ओळखला. सुजलेली बोटे ओळखणे त्याहून अवघड नाही. गावच्या आशाताईने रक्तदाब विचारताना एवढेच विचारावे: सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? तासाहून जास्त आणि सहा आठवड्यांहून जुने असेल, तर चिठ्ठी लिहून तालुक्याला पाठवावे. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा तज्ज्ञ यावा. मागणे एवढेच आहे.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. भावाची मुलगी एकोणतीस वर्षांची, पदरी दोन लहान मुले. चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरून आणला. मी तिच्या बोटांकडे पाहतेय हे कळताच तिने हात पदराखाली घेतले. म्हणाली, “काही नाही आत्या, सकाळचं जरा असतं.” मी विचारले, किती वेळ? तिने मुलांचे डबे भरण्याच्या हिशेबात सांगितले: दोन्ही डबे भरून होईपर्यंत. म्हणजे सव्वा तास. वहिनी मध्येच म्हणाली, कांद्याची काढणी उरकू द्या, मग बघू. मी पुण्याची वेळ घेऊन टाकली आहे. मंगळवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघी निघतोय, आणि काढणीला दोन बायका जास्त लावायचे भावाने कबूल केले आहे.