डॉक्टर किंवा नर्सने गर्भपाताला नकार दिला तर? कायदा काय म्हणतो, तुम्ही काय करावे

गुरुग्राम, माणेसर, सोहना या पट्ट्यात कामानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही माहिती आहे. सरकारी किंवा ईएसआय रुग्णालयात गर्भपातासाठी गेल्यावर ‘इथे आम्ही हे करत नाही’, ‘मॅडम असल्या केस घेत नाहीत’ असे ऐकायला मिळाले, तर ते कायद्याला धरून आहे का? वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माचे कारण सांगून डॉक्टर नकार देऊ शकत नाहीत. पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. यात तुमचे आठवडे खर्ची पडतात, म्हणून बाकीचेही समजून घ्या.

काही देशांत डॉक्टर आणि नर्स यांना ‘माझ्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटत नाही’ असे सांगून बाजूला होण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात तसे कलम आहे, इटलीच्या १९७८ च्या कायद्यातही आहे. इटलीत निम्म्याहून अधिक स्त्रीरोगतज्ज्ञ हा हक्क वापरतात आणि बायकांना दुसरे शहर गाठावे लागते. भारताच्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात असे कलम नाही. हा कायदा ज्या समितीच्या अहवालावरून झाला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह होते. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवर गुन्हा केव्हा लागू होणार नाही, हे या कायद्यात लिहिले आहे. थोडक्यात, ती डॉक्टरसाठी ढाल आहे. ‘डॉक्टरने केलेच पाहिजे’ असे वाक्य त्यात कुठेही नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

ही उणीव काही प्रमाणात डॉक्टरांच्या आचारसंहितेने भरून काढली आहे. २००२ च्या या नियमांनुसार, वैद्यकीय कारण असेल तर केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरने नसबंदी, संततिनियमन किंवा गर्भपात यांत मदत नाकारू नये. अपवाद एकच: ते काम आपल्याला जमणार नाही असे डॉक्टरला वाटत असेल तर. रुग्णाला मनमानीने परत पाठवता येत नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवता येते. तातडीच्या वेळी तेही नाही, उपचार करावेच लागतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. हे नियम डॉक्टरांसाठी आहेत. नर्ससाठी गर्भपात कायद्यात वेगळी सूट नाही. एखादी नर्स तयार नसेल तर दुसरी देणे हे रुग्णालयाचे काम आहे, त्यासाठी तुम्हाला परत पाठवणे योग्य नाही.

प्रत्यक्षात ‘माझा धर्म आड येतो’ असे तोंडावर कोणी क्वचितच म्हणते. नकार दुसरेच कपडे घालून येतो. ‘नवऱ्याची सही आणा.’ ‘लग्नाचा दाखला आहे का?’ ‘आधी पोलिसांत कळवा.’ ‘पुढच्या सोमवारी या.’ २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका अविवाहित तरुणीच्या प्रकरणात यावर स्पष्ट शब्दांत निकाल दिला. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवरा किंवा घरच्यांची परवानगी, कायद्यात नसलेली कागदपत्रे, अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत. अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीचा लाभ आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि पोलिसांना कळवावे लागते, पण तिने आणि पालकाने विनंती केल्यास तिचे नाव उघड करायची गरज नाही.

हरियाणात आणखी एक गोष्ट आहे. मुलींचे प्रमाण घटल्यामुळे येथे गर्भलिंग तपासणीविरुद्ध सतत छापे पडतात, आणि १२ आठवड्यांनंतरच्या गर्भपातांवर प्रशासनाची विशेष नजर असते. ही कारवाई आवश्यकच आहे. पण तिचा एक परिणाम असा की कायदेशीर केससुद्धा अंगावर घ्यायला डॉक्टर कचरतात. म्हणून समोरचा नकार श्रद्धेचा आहे की भीतीचा, हे ओळखा. डॉक्टर घाबरले असतील तर सगळे कागद नीट भरून दिल्यावर बऱ्याचदा मार्ग निघतो.

डॉक्टरांची घालमेल खोटी असते असेही नाही. येथून यलो लाइन मेट्रोने थेट जाता येते त्या दिल्लीच्या एम्समध्ये २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये असेच घडले. दोन मुलांची आई असलेल्या, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेत असलेल्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने ९ तारखेला गर्भपाताची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी तेथील एका डॉक्टरांनी ईमेलने विचारले: गर्भ जगण्याची शक्यता आहे, मग त्याचे हृदय थांबवायचे का? दोन न्यायाधीशांमध्ये मतभेद झाले आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा होता, त्यात व्यंग नव्हते आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, हे त्यामागचे कारण. निकालाबद्दल मते वेगळी असू शकतात. पण त्या डॉक्टरांनी शंका लिहून विचारली, त्या बाईला दारातून परत पाठवले नाही, हे आमच्या मते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जिवाला धोका असेल तेव्हा आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. कायद्याचे कलम ५ तेच सांगते. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार यांचे आयर्लंडमधील गॉलवे येथे २८ ऑक्टोबर २०१२ रोजी निधन झाले. १७ आठवड्यांचा गर्भ टिकणार नव्हता, तरी हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्ग पसरला. आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्यात डॉक्टरला बाजूला होता येते, पण रुग्णाची दुसरीकडे सोय लावून द्यावी लागते आणि तातडीच्या वेळी बाजूला होता येत नाही.

आता तुमच्यापुरते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे, तेही ठरावीक गटांसाठी: अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या वगैरे. पुढे फक्त गंभीर व्यंगासाठी, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. सरकारी रुग्णालयाला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही, म्हणून ‘आमच्याकडे परवानगी नाही’ हे कारण तेथे चालत नाही. खासगी ठिकाणी मात्र मान्यता असावी लागते. काही मिशनरी रुग्णालये धोरण म्हणूनच गर्भपात करत नाहीत, तेथे वाद घालत वेळ घालवू नका.

नकार मिळाला तर केसपेपरवर, म्हणजे इकडच्या भाषेत ‘पर्ची’वर, कारण लिहून मागा आणि दुसरीकडची रेफर चिठ्ठी घ्या. ती तारीख पुढे कामी येते. न दिल्यास त्याच दिवशी सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात अर्ज द्या. महाराष्ट्रात जिल्हा आरोग्य अधिकारी पाहतात ती बरीच कामे हरियाणात हेच पद पाहते. न्यायालयात जायची वेळ आली तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

कारखान्यात काम करत असाल तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, ईएसआयच्या विमाधारक महिलेला तेवढ्याच काळाचा लाभ रोख मिळतो. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मागून घ्या. तुमचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, ते फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.