अर्ज मंजूर, पण पाळी कधी?

मुंबई : डोंबिवली, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये एक कागद वर्षानुवर्षे जपून ठेवलेला असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या बहिणीने किंवा भावाने आपल्यासाठी केलेला अर्ज तेथील इमिग्रेशन खात्याने मंजूर केल्याचे ते पत्र. ते आले त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले, नातेवाइकांचे फोन खणखणले, शेजारच्यांनी 'मग आता निघणार कधी?' असे विचारले. त्यानंतर दहा वर्षे गेली, पंधरा गेली. मुले शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून नोकरीत गेली. शेजाऱ्यांनी विचारणे सोडले आणि कागद मात्र लॉकरमध्येच राहिला.

मंजुरी मिळाली तरी व्हिसा का मिळत नाही, हा प्रश्न या घरांना पडणे स्वाभाविक आहे. एजंट आपल्याला फसवत आहे काय, फाईल कुठे हरवली काय, अशा शंकाही घेतल्या जातात. वस्तुस्थिती अशी की, बहुतेक प्रकरणांत फाईल जागेवर असते आणि कुणाचीही चूक नसते. मंजुरीचा अर्थच आपण वेगळा लावलेला असतो. 'अमुक व्यक्ती अमुक अमेरिकी नागरिकाची सख्खी बहीण आहे, हे आम्हास मान्य आहे', एवढेच ते पत्र सांगते. व्हिसा देण्याचे वचन त्यात नसते. नाते सिद्ध झाले की माणूस रांगेत उभा राहतो आणि खरी प्रतीक्षा तेथून सुरू होते.

रांग कशी चालते?

अमेरिकी नागरिकाचे पती वा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आई-वडील (नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा असल्यास) यांच्यासाठी व्हिसांच्या संख्येवर मर्यादा नाही. त्यांची प्रकरणे कागदपत्रे आणि मुलाखतीच्या गतीने पुढे सरकतात. बाकीचे सारे नातेवाईक मर्यादित कोट्यात येतात. १९९० च्या कायद्याने ठरविलेले वर्षाचे आकडे असे आहेत : नागरिकांची अविवाहित प्रौढ मुले २३,४००, ग्रीन कार्डधारकांचे पती-पत्नी व अविवाहित मुले मिळून १,१४,२००, नागरिकांची विवाहित मुले २३,४०० आणि नागरिकांचे भाऊ-बहिणी ६५,०००. अर्जदाराच्या पती-पत्नीची व अल्पवयीन मुलांची गणनाही याच आकड्यांत होते. म्हणजे भाऊ, वहिनी आणि दोन मुले असे कुटुंब निघाले की चार व्हिसा संपले!

त्यावर दुसरे बंधन देशाचे. कौटुंबिक आणि नोकरीवर आधारित अशा दोन्ही प्रकारांच्या कोट्यातील व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळू शकत नाहीत. हा आकडा वर्षाला सुमारे साडेपंचवीस हजार होतो. देश भारताएवढा असो वा आइसलँडएवढा, मर्यादा तीच. परिणामी ज्या देशांतून मागणी मोठी, त्या देशांची रांग लांबत जाते.

रांगेतील क्रमांक ठरतो तो 'प्रायॉरिटी डेट'वरून. ही तारीख मंजुरीची नसून अर्ज दाखल झाल्याची असते. अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' प्रसिद्ध करते आणि त्यात प्रत्येक वर्गासाठी एक तारीख दिलेली असते. त्या तारखेआधी ज्यांचा अर्ज दाखल झाला, त्यांचीच पाळी आली असे समजायचे. २०१५ च्या ऑक्टोबरपासून या बुलेटिनात दोन तक्ते येतात. एक प्रत्यक्ष व्हिसा देण्यासाठी आणि दुसरा कागदपत्रे सादर करण्यास सुरुवात करण्यासाठी. दुसऱ्या तक्त्यातील तारीख पुढची असल्याने अनेकांचा गैरसमज होतो. कागदपत्रे मागितली याचा अर्थ मुलाखत जवळ आली, असा नव्हे.

आकडे काय सांगतात?

भारतीय भाऊ-बहिणींच्या वर्गात २०२२ च्या अखेरीस ही तारीख २००५ च्या सप्टेंबरवर थबकलेली होती. २०२५ च्या अखेरीस ती २००६ सालातच होती. तीन वर्षांत रांग दीड वर्षसुद्धा पुढे सरकली नाही. २००६ मध्ये अर्ज भरणाऱ्यांना एकोणीस वर्षे थांबावे लागले, हे खरे. पण आज अर्ज भरणाऱ्यानेही एकोणीसच वर्षांचा हिशेब धरला तर त्याची फसगत होईल. जगभरातील या एका वर्गातील नोंदणीकृत प्रतीक्षार्थींची संख्या वीस लाखांहून अधिक आहे आणि वर्षाचा कोटा आहे पासष्ट हजार. साधा भागाकार केला तरी उत्तर तीस वर्षांपुढे जाते. काही जण मध्येच नाद सोडतात, काही जण मरण पावतात आणि त्यामुळे रांग थोडी आखडते, एवढाच काय तो दिलासा.

इतर वर्गांची स्थितीही फारशी सुखावह नाही. २०२५ च्या अखेरीस नागरिकांच्या विवाहित मुलांच्या वर्गात २०११ मधील आणि अविवाहित प्रौढ मुलांच्या वर्गात २०१६ मधील अर्जांची पाळी सुरू होती. ग्रीन कार्डधारकांच्या पती-पत्नींच्या वर्गात २०१९ च्या मध्यापासून २०२३ च्या मार्चपर्यंत रांगच नव्हती, पण एप्रिल २०२३ मध्ये ती पुन्हा लागली. म्हणजे रांग नेहमी पुढेच जाते असेही नाही. मागणी वाढली की तारीख मागे ढकलली जाते आणि कालपर्यंत दारात उभा असलेला माणूस पुन्हा अंगणात जातो.

करोनाच्या काळात तर आणखी विचित्र प्रकार घडला. मार्च २०२० मध्ये वकिलातींचे नेहमीचे काम थांबले. एप्रिलमध्ये तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आदेशाने बहुतेक कौटुंबिक वर्गांचे नवे व्हिसा रोखले गेले आणि तो आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी मागे घेतला. दरम्यान २०२० च्या आर्थिक वर्षातील सुमारे १ लाख २२ हजार कौटुंबिक व्हिसा वापराविना राहिले. कायद्याप्रमाणे ते पुढच्या वर्षी नोकरीवर आधारित कोट्यात गेले. त्याचा लाभ अमेरिकेत काम करणाऱ्या अनेक भारतीय अभियंत्यांना झाला. मात्र त्यांच्याच देशातील भावा-बहिणींच्या वाट्याचे व्हिसा त्या रांगेला पुन्हा मिळाले नाहीत.

मुलांचे वय आणि काळाची चेष्टा

या प्रतीक्षेचा सर्वांत मोठा फटका बसतो तो मुलांना. भावाच्या अर्जात त्याच्या मुलांचा समावेश होतो, पण ती एकवीस वर्षांखालची आणि अविवाहित असतील तरच. पाळी येईस्तोवर मूल मोठे झाले की ते अर्जातून गळते. यावर उपाय म्हणून २००२ मध्ये बालक दर्जा संरक्षण कायदा झाला. त्यानुसार अर्ज मंजुरीसाठी जितका काळ पडून राहिला, तितका काळ मुलाच्या वयातून वजा केला जातो. मंजुरीनंतर रांगेत घालविलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, न्यू जर्सीतील बहिणीने डोंबिवलीच्या भावासाठी ऑक्टोबर २००६ मध्ये अर्ज भरला आणि चार वर्षांनी तो मंजूर झाला. २०२५ अखेर पाळी आली तेव्हा २००० च्या जानेवारीत जन्मलेली थोरली मुलगी पंचवीस वर्षांची. चार वर्षे वजा करूनही ती एकवीस ओलांडते आणि मागे राहते. २००३ मध्ये जन्मलेला धाकटा बावीस वर्षांचा. त्याचे हिशेबी वय अठरा ठरते आणि तो जाऊ शकतो. आता असे समजा की, खात्याने तत्परता दाखवून सहाच महिन्यांत अर्ज मंजूर केला असता. मग वजावट सहा महिन्यांचीच मिळाली असती आणि धाकटाही मागे राहिला असता! ज्या मंजुरीसाठी आपण देव पाण्यात घालून बसतो, ती लवकर आल्याने कुटुंब तुटावे, असा हा उफराटा न्याय आहे. गळालेल्या अशा मुलांना आई-वडिलांच्या जुन्या तारखेचा लाभ मिळावा, ही मागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये फेटाळली. आई-वडिलांनी तेथे जाऊन नव्याने अर्ज करायचा आणि मुलांनी नव्या रांगेच्या शेवटी उभे राहायचे, हाच मार्ग उरला.

लग्नाची गोष्टही अशीच. नागरिकाच्या अविवाहित मुलाने लग्न केले तर त्याचा अर्ज विवाहितांच्या वर्गात जातो आणि प्रतीक्षा वाढते. वडील केवळ ग्रीन कार्डधारक असतील तर मुलाच्या लग्नाबरोबर अर्जच संपुष्टात येतो. कारण ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी कोणताही वर्ग अस्तित्वात नाही. स्थळे सांगून येत असताना 'जरा थांबू या' म्हणणारी घरे आपल्याकडे आहेत, त्यामागचे कारण हे असे असते. घाईने गुपचूप लग्न उरकून ते लपविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती फसवणूक ठरते आणि कायमची बंदी ओढवू शकते.

अर्ज करणारा नातेवाईकच दरम्यान मरण पावला तर मंजूर अर्जही आपोआप रद्द होतो. मानवतेच्या भूमिकेतून तो पुनरुज्जीवित करण्याची विनंती करता येते. त्यासाठी कुटुंबातील दुसऱ्या कुणाला तरी आर्थिक जबाबदारी घ्यावी लागते आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. वीस-वीस वर्षे चालणाऱ्या प्रतीक्षेत अर्ज करणाऱ्याचेही वय वाढत असते, हे आपण सहसा विसरतो. शिवाय या काळात नुसते भेटीस जाणेही अवघड होऊ शकते. पर्यटक व्हिसाच्या अर्जात 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे काय?' असा प्रश्न असतो. खरे उत्तर दिले की आपण परत येणार आहोत, हे अधिकाऱ्यास पटविण्याचे ओझे आणखी जड होते.

हे असे का झाले?

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत वर्षाला अवघ्या शंभर जणांचा कोटा मिळाला होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि वंशावर आधारलेली जुनी पद्धत मोडीत निघाली. मूळ प्रस्तावात कौशल्याला अग्रक्रम होता. ओहायोचे काँग्रेस सदस्य मायकेल फीहान यांच्या आग्रहाने नात्यांना पुढे आणण्यात आले. अमेरिकेत तेव्हा युरोपीय वंशाचेच लोक बहुसंख्य असल्याने त्यांचेच नातेवाईक येतील, असा त्यामागचा हिशेब होता. प्रत्यक्षात आशियातून आलेल्या डॉक्टर-इंजिनीअरांनी नागरिकत्व घेतले, आपल्या भावंडांसाठी अर्ज भरले आणि हिशेब उलटला.

तेव्हापासून भावा-बहिणींचा वर्ग रद्द करण्याचे प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाले. बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९५ मध्ये तशी शिफारस केली. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेल्या विधेयकातही हा वर्ग बंद करण्याची तरतूद होती, पण ते प्रतिनिधीगृहात अडले. २०१७ मध्ये सिनेटर टॉम कॉटन आणि डेव्हिड पर्ड्यू यांच्या विधेयकाने तर पती-पत्नी व अल्पवयीन मुले वगळता बाकी सारे नातेवाईक बाद करण्याचा प्रस्ताव मांडला. तेही पुढे गेले नाही. वर्ग रद्द करण्याइतके मतैक्य नाही आणि कोटा वाढविण्याइतकेही नाही. त्यामुळे १९९० चे आकडे तसेच राहिले आणि रांग वाढत गेली.

हाती काय आहे?

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. मात्र पाळी आल्यावर ती हुकू न देणे हाती आहे. मंजूर अर्ज न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे राहतो. वीस वर्षांत घर बदलते, ई-मेल बदलतो, टेलिफोन तर केव्हाच गेलेला असतो. बदललेला पत्ता त्या केंद्रास कळविलेला नसेल तर सूचना जुन्या दारावर जाते आणि पाळी आल्याच्या सूचनेनंतर वर्षभरात प्रतिसाद न दिल्यास नोंदणी रद्द होऊ शकते.

कागदपत्रांचेही तसेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नाही किंवा नोंद आहे तर त्यात बाळाचे नाव नाही. अशांनी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे वडीलधारे हयात आहेत तोवरच करून ठेवणे शहाणपणाचे. अर्ज करणाऱ्याला दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. दरम्यान तो निवृत्त झाला असेल तर संयुक्त हमीदार शोधावा लागतो, याचीही बोलणी आधी झालेली बरी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, व्हिसा येणारच आहे असे धरून घर घेणे, मुलांचे शिक्षण, नोकरीतील बढती किंवा लग्न लांबणीवर टाकणे कितपत योग्य, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा. पन्नाशी उलटल्यावर, कधी साठीच्या उंबरठ्यावर वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीस बोलावणे येते, तेव्हा ज्या मुलांच्या भवितव्यासाठी हा सारा खटाटोप केला ती येथेच राहणार असतात आणि ज्या आई-वडिलांनी भावंडे एकत्र यावीत म्हणून ध्यास घेतला, ते बहुधा नसतात. तेव्हा जायचे की नाही, हा निर्णय नव्याने घ्यावा लागतो. तो घेताना मधली वीस वर्षे आपण येथे मनापासून जगलेलो असू, तर 'नाही' म्हणणेही सोपे जाईल आणि 'हो' म्हणणेही.