दाताभोवतीचे हाड कोण पोखरते?

हिरड्यांचा रोग कशाने होतो, असे विचारले तर तुम्ही चटकन उत्तर द्याल, ‘जंतूंमुळे’. उत्तर चूक नाही. पण माझ्या मते ते अर्धेच आहे, आणि आम्ही शिक्षक मंडळी त्याला पूर्ण गुण देत आलो आहोत.

दात आणि हिरडी यांच्या फटीत जो चिकट थर साचतो त्यात असंख्य जंतू राहतात. ते टाकाऊ द्रव्ये बाहेर सोडतात. ब्यूटिरिक आम्ल हे त्यांपैकी एक. खवट लोण्याचा वास येतो तो याचाच. शिवाय मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे असतात ते वेगळेच. हे सारे हिरडीत झिरपले की रक्तातील पांढऱ्या पेशींना सुगावा लागतो. त्या धावून येतात, जंतूंना गिळतात आणि तीव्र विकरे ओततात. पण या विकरांना आपपर कळत नाही. हिरडीचे तंतूही त्यांत विरघळतात. दुसऱ्या काही पेशी जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. काही वर्षांनी दात हलू लागतो. म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा आपल्याच रक्षकांचा!

आणि गंमत पाहा. हेच ब्यूटिरिक आम्ल मोठ्या आतड्यातील जंतूही तयार करतात, आणि तेथे ते आतड्याच्या अस्तराचे अन्न असते. तेव्हा जंतू दिसला की मारा, हा हिशेब येथे चालत नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांना फटीत साचू न देणे.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पडताळून पाहिले. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

आता स्वतःला विचारा : घासताना रक्त दिसले, तर तुम्ही काय करता? बहुतेक जण ती जागा टाळतात. म्हणजे जेथे थर काढायला हवा तेथेच तो साचू देतात! तेथे मऊ ब्रश हलक्या हाताने रोज फिरवायलाच हवा. थर टणक होऊन त्याचे कीटण झाले असेल, तर मात्र ते ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडून खरवडून घ्यावे लागते.